हातानं मोडलेली डहाळी

"डावी वाट बंद हाय," सुंद्राआक्का म्हणाली. "बघ की, आडवी फांदी टाकलीया मामांनी. वळव घोडी उजवीकडं."

फाट्यावर, डाव्या वाटेच्या अगदी तोंडाशी, पानांनी गच्च भरलेली एक फांदी आडवी पडली होती. आम्हा मेंढपाळांत आडव्या फांदीचा अर्थ लेकराला विचारलं तरी सांगेल. पुढे गेलेल्या माणसानं मागून येणाऱ्या बिऱ्हाडाला दिलेला तो निरोप असतो, की इकडून येऊ नका. सुंद्राआक्का खोटं बोलत नव्हती. तरी माझा हात काही घोडीचा दोर वळवायला धजेना.

"थांबा जरा," मी म्हणाले.

"थांबायला येळ कुटं हाय? दीस बघ कुटं आलाय."

दिवस खरोखरच कलला होता. घोडीवर माझ्या सासूबाई, आत्याबाई, अंगावर दोन घोंगड्या घेऊन वाकून बसल्या होत्या. घाट उतरतानाच त्यांना ताप भरला आणि खाली येईपर्यंत त्या शुद्धीत बोलेनाशा झाल्या. मध्येच त्यांच्या मेलेल्या भावाला हाक मारत, मध्येच मला "आये" म्हणत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन डाली बांधलेली होती आणि त्यांत आठवड्याभरात जन्मलेली कोकरं. इतकी कोवळी कोकरं कळपाच्या चालीनं चालू शकत नाहीत, म्हणून ती बायकांच्या बिऱ्हाडाबरोबर घोडीवरून येतात. त्यांच्या आया मात्र पहाटे पाजून झालं की पुरुषांबरोबर पुढे जातात. संध्याकाळी नव्या मुक्कामाला दोघांची गाठ पडायची, तेव्हा कुठे कोकरांच्या पोटात दूध. गाठ पडली नाही, तर सकाळी डाल्यातून काय उचलावं लागेल ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

सुंद्राआक्का माझ्या चुलतदिराची बायको. वयानं, मानानं आणि आवाजानंही मोठी. पण ही वाट तिलाही नवीन होती. त्यांचा कळप आजवर भीमेकाठाला जायचा. त्या वर्षी मेंढरं कमी झाली म्हणून त्यांनी आमच्याबरोबर कोकणाची वाट धरली होती. आणि मी तर काय, लग्न होऊन पहिलीच दिवाळी झालेली पोर. फलटणकडच्या माळावरच्या गावात माझ्या वडिलांनी मेंढरं विकून शेत धरलं होतं. त्यामुळे मी धनगराची असूनही कौलाखाली वाढले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाट चालणं मला माहीत नव्हतं.

हे सगळ्यात आधी कुणी बोलून दाखवलं असेल, तर ते माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी. सोयरिकीच्या बैठकीत, मी दाराआड उभी असताना, सिदोबा शेंडगे माझ्या वडिलांना म्हणाले होते, "पोरगी चांगली हाय, पर हिच्या पायाला वाट न्हाई." लग्न झालं ते आत्याबाईंनी हट्ट धरला म्हणून. ते वाक्य मी सासरी येताना ओटीत घालून आणलं होतं म्हणा ना. त्या माणसानं एक दिवस ते परत घ्यावं, एवढं एकच माझ्या मनात होतं.

पण त्यांना विचारणार कसं? आमच्यात सासरा सुनेशी बोलत नाही आणि सून सासऱ्यासमोर तोंड वर करत नाही. मामा चुलीकडे येताना लांबूनच खाकरायचे, म्हणजे आम्ही पदर ओढून बाजूला व्हायचं. फारच नड पडली तर ते कुत्र्याशी बोलत. "मोत्या, भाकरी करपतीया म्हण," असं म्हणाले की मी तवा उतरवायची. मोत्या मात्र उगाच शेपटी हलवायचा. दिवाळीपासून त्या माणसानं माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, अशी माझी खात्री होती.

वाटेवरच्या खुणा मला शिकवल्या त्या आत्याबाईंनी. प्रत्येक फाट्यावर त्या घोडी उभी करायच्या आणि हलायचंच नाव घ्यायच्या नाहीत.

"बघ गं ठके, काय म्हणतोय तुझा मामा?"

मग मी खाली बसायची आणि शोधायची. दगडाखाली बुडखा दाबलेली एक डहाळी असायची. तिचा शेंडा जिकडे, तिकडे जायचं. दगडावर आणखी एक दगड असला, तर पुढे पाणी जवळ आहे. आणि दगडाखाली काळ्या लोकरीचा पुंजका असला, म्हणजे ही खूण शेंडग्यांची, दुसऱ्या कुणाची नव्हे. मी चुकले की आत्याबाई घोडीवरून पोट धरून हसायच्या. "अगं, बुडख्याकडं कुटं निगालीस? बुडखा व्हय सांगतोय वाट?"

मला राग यायचा. गावात वाढलेल्या सुनेची ही रोजची फिरकी आहे, असं मला वाटे. एकदा मी चिडून म्हणाले, "आत्याबाई, तुमाला दिसतंय तर तुमीच सांगा की."

"माजी नजर अधू झालीया," त्या म्हणाल्या. पण लांबच्या टेकडीवर कुणाचा कळप आहे, हे त्यांना रंगावरून कळायचं.

त्या दिवशी फाट्यावर हसायला कुणी नव्हतं. मी त्या आडव्या फांदीपाशी जाऊन बसले.

"आता काय तिची पूजा करतीस?" सुंद्राआक्का मागून म्हणाली. तिचं तान्हं पाठीवरच्या झोळीत रडायला लागलं होतं.

"आक्का, ही मामांची न्हाई."

"कशावरनं?"

"ही तोडल्याली हाय. कोयत्यानं. हा बघा तिरपा घाव."

आत्याबाईंनी एकदा शिकवलं होतं ते हेच. मामा खुणेच्या डहाळीला कधी लोखंड लावत नाहीत. हातानं मोडतात, म्हणजे मोडलेल्या जागी साल लोंबते आणि दुरून ओळखू येते. तोडलेल्या फांद्या काय, सरपणवाल्याही टाकून जातात.

"घाईत तोडली असंल," सुंद्राआक्का म्हणाली. "माणूस हाय त्यो. घाईत कोयता चालवला असंल."

"मग लोकर कुटं हाय?"

"वाऱ्यानं उडाली."

मी जमीन पाहू लागले. जमीन म्हणावी तर तिथं सगळा कातळ. खुरांचा ठसा उमटायला माती नाही. शिवाय गावची गुरं-शेरडं नुकतीच दोन्ही वाटांवरून फिरून गेलेली, त्यामुळे शेण आणि लेंड्या सगळ्या एकात एक. मी फाट्याभोवती वाकून वाकून फिरले. करवंदीच्या जाळीत हात घालून ओरबाडून घेतले. आणि मग जाळीच्या कडेला एका मोठ्या काळ्या धोंड्याखालून एक काडी बाहेर आलेली दिसली.

काडीच म्हणायची. पान नव्हतं, साल नव्हती. पांढरीफेक, ओली, कुणीतरी चाटून पुसून ठेवल्यासारखी.

मी धोंडा एका कडेनं उचलून पाहिला. तो जड होता. त्याच्या खाली, काडीच्या बुडख्याला चिकटून, काळ्या लोकरीचा पुंजका होता.

मला हसू आलं आणि रडूही. मामांनी खूण ठेवली होती. पण त्या भागात त्यांची नेहमीची, शेरडं तोंड लावत नाहीत ती निरगुडी नसावी, म्हणून त्यांनी हाताशी आलेल्या उंबराची डहाळी मोडली. अन् उंबराचा पाला म्हणजे शेरडांचा जीव की प्राण. गावच्या शेरडांनी येऊन निरोप खाऊन टाकला होता. सगळा जन्म शेरडामेंढरांत काढलेल्या माणसानं शेरडं खातील अशी खूण ठेवावी, हे आजही मला आठवलं की हसू येतं.

"आक्का, सापडली," मी म्हणाले. "हितं शेंडा हाय. डावीकडं."

सुंद्राआक्कानं येऊन पाहिलं. "ह्याला शेंडा म्हणतीस? शेरडांनी वढून वढून फिरवली असंल. आता ती काडी दाखवतीया त्ये मामांचं म्हणणं का शेरडांचं?"

तिचा प्रश्न खरा होता. मी पुन्हा खाली बसले. धोंड्याच्या एका कडेला कातळाच्या फटीतलं अंगठ्याएवढं रोपटं दगडाखाली दबून वाकलं होतं, पण अजून हिरवं होतं. म्हणजे धोंडा आजच ठेवलेला. आणि धोंड्याभोवती सरकल्याची, घासल्याची एकही रेघ कातळावर नव्हती. शेरडांनी पाला ओरबाडला, पण धोंड्याला ती हलवू शकली नव्हती. बुडखा जिथं दाबला होता तिथंच होता. बुडखा हलला नाही तर काडी फिरणार कशी?

"मामांचं म्हणणं," मी म्हणाले. "आपून डावीकडनं जायाचं."

"आन् चुकलं तर?"

मी घोडीचा दोर हातात घेतला.

"चुकलं तर कोकरं तुज्या माथी, ठके. आन् आत्याबाई बी. मी मामांना तसंच सांगीन."

"सांगा."

हे मी कसं म्हणाले, मला ठाऊक नाही. एरवी तिच्यापुढे माझा शब्द फुटत नसे. मी ती कोयत्यानं तोडलेली फांदी ओढून बाजूला फेकली, आत्याबाईंच्या पायावरची घोंगडी नीट केली आणि डावीकडे चालू लागले. मग सुंद्राआक्काच्या घोड्याच्या घंटेचा आवाज माझ्या मागे आला.

ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्यांदा तोंड आवळून चालले. मग वाट रानात शिरली आणि माझा धीर सुटायला लागला. प्रत्येक वळणावर वाटे, आता दिसतील, आणि दिसायचं फक्त पुढचं वळण. डाल्यातली कोकरं आधी ओरडत होती, ती गप्प झाली. त्यांचं गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा वाईट लागलं. एकदा थांबून मी डाल्यात हात घातला. एका कोकरानं माझं बोट तोंडात धरलं आणि चोखलं, पण जोर नव्हता.

"फिरायचं का माघारी?" सुंद्राआक्का म्हणाली. तिच्या आवाजात आता भांडण नव्हतं, नुसती भीती होती.

"न्हाई," मी म्हणाले. "आता न्हाई."

आत्याबाई घोडीवरून काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, त्या वाट सांगताहेत. मी कान लावला, तर त्या पाणी मागत होत्या. मी त्यांना पाणी पाजलं. त्यांचे ओठ चटका बसावा इतके गरम होते.

आणि मग डाल्यातली कोकरं एकदम ओरडायला लागली. दोन्ही डाल्यांतली, सगळी एका वेळी. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण त्यांना आलं होतं. आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या राहिलो, आणि मग लांबून, खालच्या शेताकडून, मेंढ्यांच्या ओरडण्याचा आवाज आला. त्यात मोत्याचं भुंकणं. सुंद्राआक्का वाटेतच मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी रडले नाही. मला एवढं बरं वाटत होतं, की रडायचं सुचलंच नाही.

आम्ही शेतात उतरलो तेव्हा माझे धनी, धुळबा, धावत सामोरे आले. त्यांनी आधी आईला उतरवून घेतलं, मग डाली सोडली. कोकरं डाल्यातून सांडली आणि ज्यानं त्यानं आपापल्या आईला शोधून काढलं. शेपट्या हलायला लागल्या. एकही दगावलं नव्हतं.

"येळ का झाला?" धनी म्हणाले. "आमी समजलो उजवीकडनं गेलासा. ती वाट खाडीला जाती. तितं मुक्काम न्हाई, गोडं पाणी न्हाई. रातभर अडकला असता."

सुंद्राआक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं स्वतःच सगळं सांगितलं, फांदीपासून काडीपर्यंत, स्वतःचं चुकलेलंही न लपवता. बोलायला मोठ्या आवाजाची असली तरी मनाची बाई सरळ होती. मामा पलीकडे, मेंढरं कोंडायची जाळी ठोकत पाठमोरे बसले होते. मी पदर पुढे ओढून चूल मांडत होते. पण माझे कान तिकडेच होते.

सगळं ऐकून झाल्यावर मामांनी खुंटीवर दगड मारायचं थांबवलं.

"धुळबा," ते म्हणाले, "म्या गाढवानं उंबराचा ढाळा ठिवला."

एवढंच. पुन्हा त्यांनी खुंटी ठोकायला घेतली. माझ्याबद्दल अक्षर नाही. मी मनात म्हणाले, जाऊ दे. कोकरं जगली, तेवढं पुष्कळ. पण खोटं कशाला सांगू, ते काही पुष्कळ वाटत नव्हतं.

शेताच्या मालकिणीनं आत्याबाईंसाठी कसलासा काढा उकळून दिला. सकाळपर्यंत त्यांचा ताप उतरला. अंगात ताकद नव्हती, पण डोळे ओळख देत होते. पहाटे पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेले. आम्ही आवरून, घोडी लादून, त्यांच्या मागून निघालो. दोर माझ्याच हातात राहिला, कारण आत्याबाईंना अजून धरून बसवावं लागत होतं.

उन्हं अंगावर यायच्या सुमाराला फाटा लागला. एक वाट वर गावाकडे, एक खाली भाताच्या खाचरांकडे.

"ठकू, काय म्हणत्यात मामा?" सुंद्राआक्कानं विचारलं. काल हीच बाई मला शिकवत होती. आज ती मागे थांबून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी खाली बसले. दगड पाहिले. एक उचलला, दुसरा उचलला. झुडपं चाळली. डहाळी नव्हती, काडी नव्हती, लोकर नव्हती. पुन्हा शेरडांनी खाल्ली म्हणावी, तर दाबलेला दगड तरी असता. तोही नव्हता. मामांनी तिथं काहीच ठेवलं नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मामा इसरलं. खूणच न्हाई."

आत्याबाई घोडीवरून हसायला लागल्या. अशक्तपणामुळे त्यांना नीट हसताही येईना, तरी त्या हसत राहिल्या.

"इसरलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यो माणूस वाट इसरतोय व्हय?"

"मग?"

"अगं येडे, तुज्या नवऱ्याला पोटात घिऊन चाललीया मी ह्या वाटंनं. हितला दगडन् दगड मला वळखतोय. मला कशाला लागत्यात ढाळं न् लोकर? आमच्या साऱ्या संसारात तुज्या सासऱ्यानं माज्यासाठी एक पान सुदीक वाटंवर ठिवलं न्हाई."

मी नुसती पाहत राहिले.

"ह्या सालापास्नंच सुरू केलंया," आत्याबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या दुसऱ्या दिशी मला म्हणलं, पोरीला वाट शिकवाया पायजे, पर मला तर तिच्याशी बोलता येत न्हाई. तू एक कर, फाट्याला थांबत जा, मी काय तरी ठिवून जाईन. वाचायचं तिचं तिला वाचू दे. आन् मला बजावलं, सांगायचं न्हाई. सांगितलं तर ती माज्यासाठी शिकंल, वाटंसाठी न्हाई."

दिवाळीपासूनचे सगळे फाटे माझ्या डोळ्यांपुढून गेले. घाटाच्या माथ्यावरची निरगुडी. ओढ्याकाठचा दगडावर दगड. एकदा तर माझ्या हाताला लागू नयेत म्हणून काटे खुडून ठेवलेली बोराटीची डहाळी होती, आणि मामांनी ती काळजी आत्याबाईंसाठी घेतली असं मी समजले होते. ज्या माणसानं माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून मी झुरत होते, तो माणूस रोज पहाटे कळप थांबवून, वाकून, माझ्याशी बोलत होता. सासऱ्यानं सुनेशी इतकं बोलल्याचं आमच्या सगळ्या भावकीत कुणी ऐकलं नसेल.

"आन् आज?" मी विचारलं. "आज का न्हाई ठिवलं?"

"त्ये तूच सांग," आत्याबाई म्हणाल्या.

सुंद्राआक्कानं पाठीवरची झोळी सावरली.

मी उठून उभी राहिले. माझी छाती इतकी भरून आली होती, की चोळीची गाठ घट्ट वाटायला लागली. लग्नात मला सोन्याचा मणी घातला होता, त्याचाही मला असा अभिमान वाटला नव्हता. मी दोन्ही वाटांकडे पाहिलं. वरच्या वाटेकडेच्या गवतावर दहिवर अजून तसंच चमकत होतं. खालच्या वाटेचं गवत कोरडं, मधोमध झोपलेलं. बोरीच्या एका काट्याला मेंढीच्या अंगाची लोकर अडकली होती, कुणी ठेवलेली नव्हे, जाता जाता राहिलेली. मी घोडीचा दोर मनगटाला एक वळसा देऊन धरला.

"चला," मी म्हणाले आणि खालच्या वाटेला लागले. कुठं म्हणून आत्याबाईंनी विचारलं नाही.